किलारीचा फ्योर्ड आणि बँट्रीची रिया

आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात बँट्रीचा उपसागर सुमारे ३५ किलोमीटर जमिनीत शिरला आहे. तेथून बरेच उत्तरेला, गॉलवे आणि मेयो या काउंटींच्या सीमेवर, किलारी हार्बर ही समुद्राची सुमारे १६ किलोमीटर लांबीची अरुंद पट्टी डोंगरांच्या मधून वाट काढत लीनेन गावापर्यंत पोहोचते. (नाव वाचून लातूरकडची किल्लारी आठवणे स्वाभाविक आहे; दोहोंचा संबंध मात्र काही नाही.) दोन्ही ठिकाणी अटलांटिकचे खारे पाणी आत आलेले आहे आणि दोन्ही ठिकाणी बाजूंना डोंगर आहेत. त्यामुळे प्रवासी दोन्हींच्या छायाचित्रांखाली ‘फ्योर्ड’ असे लिहून मोकळे होतात. भूरूपशास्त्र मात्र बँट्रीला रिया म्हणते आणि किलारीला फ्योर्ड.

हा गोंधळ अकारण नाही, कारण दोन्ही भूरूपांच्या कथेचा शेवट सारखाच आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फाच्या रूपात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळला, पातळी चढत गेली आणि किनाऱ्यालगतच्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला. म्हणजे रिया आणि फ्योर्ड या दोन्ही बुडालेल्या दऱ्याच आहेत. फरक आहे तो समुद्र येण्यापूर्वी ती दरी कोणी कोरली होती, एवढाच. पण त्या एका फरकातून तळाचा आकार, खोली, मुखाची रचना आणि आतल्या पाण्याचे वर्तन असे बाकीचे सगळे फरक निघतात.

‘रिया’ हा शब्द स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशिया प्रांतातून आला. तेथे नदीच्या मुखाशी आत शिरलेल्या समुद्राला ‘रिआ’ म्हणतात आणि व्हिगो, पाँतेवेद्रा, आरोसा या तेथील रिया प्रसिद्ध आहेत. रियाची दरी नदीने कोरलेली असते. नदी खाली कापत जाते, काठ हळूहळू ढासळतात आणि आडवा छेद घेतला तर दरी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. शिवाय उपनद्यांच्या दऱ्याही तिच्याबरोबर बुडत असल्याने वरून पाहिले असता रियाला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या आढळतात. मराठी वाचकाला हे दृश्य पाहण्यासाठी स्पेनला जाण्याची गरज नाही. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची आणि वाघोटणची विजयदुर्गची या खाड्या बुडालेल्या नदीदऱ्याच आहेत. फरक एवढाच की पावसाळी नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाने आपल्या खाड्या बऱ्याच भरून आल्या आहेत आणि त्या गाळावर कांदळवने उभी राहिली आहेत.

फ्योर्ड हा नॉर्वेचा शब्द आहे आणि त्याची दरी हिमनदीने कोरलेली असते. हिमनदी म्हणजे शेकडो मीटर जाडीचा, संथपणे सरकणारा बर्फ. तो दरीचा केवळ तळ कापत नाही, तर संपूर्ण दरी भरून तिचे दोन्ही काठ आणि तळ एकाच वेळी घासतो, आणि म्हणून आडवा छेद ‘यू’ अक्षरासारखा होतो: काठ जवळजवळ उभे, तळ सपाट. बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांची ताकद कमी असल्याने त्यांच्या दऱ्या उथळच राहतात, आणि बर्फ गेल्यावर त्या मुख्य दरीच्या काठावर उंच लोंबकळत राहतात. नॉर्वेच्या गैरांगरफ्योर्डमध्ये कड्यावरून थेट समुद्रात पडणारे धबधबे अशाच लोंबत्या दऱ्यांतून येतात.

मात्र ‘व्ही’ आणि ‘यू’ या शालेय खुणेवर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. होडीत बसलेल्या माणसाला दिसतो तो दरीचा फक्त वरचा भाग. ओळख पटवणारा भाग पाण्याखाली असतो. तिथे खरा निकष सापडतो तो खोलीचा. नदी समुद्राला मिळते तेथे तिची कापण्याची शक्ती संपते, म्हणजे समुद्रसपाटीच्या फारसे खाली ती जमीन कोरू शकत नाही. त्यामुळे रियाची खोली साधारणपणे समुद्र जितका चढला तितकीच, म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे मीटर असू शकते, आणि प्रत्यक्षात बहुतेक रिया त्याहून पुष्कळ उथळ असतात. हिमनदीला हे बंधन नाही. ती स्वतःच्या वजनाने समुद्रसपाटीच्या पुष्कळ खाली तळ उकरू शकते. नॉर्वेच्या सोग्नेफ्योर्डची कमाल खोली १,३०८ मीटर आहे. समुद्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच चढला असताना एवढा खड्डा कोणत्याही नदीने केलेला असणे शक्य नाही. किलारी या मानाने अगदी किरकोळ आहे. तिची मध्यभागीची खोली सुमारे ४५ मीटर भरते, आणि केवळ आकड्यावरून पाहिले तर ती रियातही खपून जाईल.

म्हणूनच खोलीच्या आकड्याइतकेच ती खोली कोठे आहे हेही पाहावे लागते. रियाचा तळ नदीच्या पात्रासारखा उतरत जातो: आतल्या टोकाशी उथळ, मुखाकडे अधिकाधिक खोल. फ्योर्डमध्ये बहुधा याच्या उलट आढळते. दरीतून बाहेर पडून मोकळ्या जागेत आल्यावर बर्फ पसरतो, पातळ होतो, त्याचे कोरण्याचे काम मंदावते, आणि वाहून आणलेली दगडमाती तो तेथेच टाकतो. परिणामी फ्योर्डच्या मुखाशी तुलनेने उथळ भाग उरतो, ज्याला उंबरठा म्हणणे योग्य ठरेल, आणि खोल भाग त्याच्या आत राहतो. या उंबरठ्यामुळे बाहेरच्या समुद्राचे जड, खारे पाणी आत सहज येत नाही. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर तरंगतो आणि खाली जुने पाणी साचून राहते, इतके की काही फ्योर्डांच्या तळाशी प्राणवायू फारच कमी उरतो.

रियाच्या पाण्याची स्थिती वेगळी असते, आणि गॅलिशियाची सुबत्ता या फरकातच आहे. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडून वारे वाहतात, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. मुखाशी उंबरठा नसल्याने ते थेट रियांमध्ये शिरते. गॅलिशियाच्या रियांमध्ये ‘बातेआ’ नावाचे तीन हजारांहून अधिक तराफे तरंगतात आणि त्यांना लटकवलेल्या दोरांवर काळ्या शिंपल्यांची, म्हणजे गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्या भाऊबंदांची, शेती होते. अर्थात शिंपल्यांच्या शेतीला खूण मानण्याची चूक करू नये. किलारीच्या पाण्यातही तेच शिंपले दोरांवर वाढवलेले दिसतात.

नावांवर तर मुळीच विसंबू नये. बँट्रीच्या उत्तरेची केनमेअर रिया नकाशावर ‘केनमेअर रिव्हर’ म्हणून दाखवलेली असते. आयर्लंडच्या उत्तर टोकाजवळील फ्योर्डचे नाव लॉख स्विली आहे, आणि याच ‘लॉख’ शब्दाने त्या देशातली साधी तळीही ओळखली जातात. डेन्मार्कच्या लिमफ्योर्डच्या नावात फ्योर्ड असला तरी तो जेमतेम काही मीटर सरासरी खोलीचा उथळ जलमार्ग आहे.

आता पुन्हा आयर्लंडच्या या दोन ठिकाणांकडे वळू. किलारीच्या उत्तरेला ८१४ मीटर उंचीचा म्वीलरे हा कॉनॉट प्रांतातील सर्वांत उंच डोंगर पाण्यातून वर चढतो, दक्षिणेला मॉमटर्कच्या रांगा आहेत, आणि आतल्या टोकाशी एरिफ नदी आस्लीच्या धबधब्यावरून खाली येते. वाट अरुंद आहे, दिशा फारशी बदलत नाही, आणि मुखाशी लहान बेटे व खडक विखुरलेले आहेत. पर्यटनाच्या पत्रकांत तिला ‘आयर्लंडमधील एकमेव फ्योर्ड’ म्हटले जाते, ते जरा जपून घ्यावे. लॉख स्विली आणि पूर्व किनाऱ्यावरील कार्लिंगफर्ड लॉख यांचीही गणना फ्योर्डांत केली जाते.

बँट्रीचा नकाशा अगदी निराळी गोष्ट सांगतो. डनमॅनस, बँट्री, केनमेअर आणि डिंगल ही पाण्याची चार बोटे जवळजवळ समांतर, नैऋत्येकडे उघडणारी आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तेथील थरांना घड्या पडल्या. टणक वालुकाश्म कण्यांसारखा वर राहिला आणि त्यांच्या मधल्या पन्हळींतला मऊ चुनखडक नद्यांनी झिजवून नेला. समुद्र आला तो या आयत्या पन्हळींतून. मुखाशी बँट्रीची रुंदी सुमारे दहा किलोमीटर आहे आणि आत ती तीन-चार किलोमीटरपर्यंत आकसते, म्हणजे नरसाळ्यासारखा आकार. डिसेंबर १७९६ मध्ये आयरिश बंडखोरांच्या मदतीला आलेल्या फ्रेंच आरमाराला हा आकार भोवला: पूर्वेचा वादळी वारा उपसागराच्या लांबीने थेट बाहेरच्या दिशेला वाहू लागला, जहाजांना आत सरकता येईना, आणि किनारा डोळ्यांसमोर असूनही सैन्य न उतरवता ते परतले. जवळपास पावणेदोन शतकांनी त्याच मोकळ्या, खोल मुखामुळे उपसागरातल्या व्हिडी बेटावर महाकाय तेलवाहू जहाजांसाठी तळ उभारता आला.

एवढे सांगूनही एक अडचण उरते. हिमयुगात बँट्रीच्या दरीतूनही बर्फ वाहिला होता. उपसागराच्या आतल्या भागातील व्हिडी बेटावरची सुपीक माती हिमनदीने टाकलेली आहे, आणि ग्लेनगॅरिफभोवतालचे खडक बर्फाने घासून गोलसर केले आहेत. मग या उपसागराला फ्योर्ड का म्हणू नये? कारण दरीची दिशा, रुंदी आणि उतार घड्यांनी व नद्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. बर्फाने ती दरी वापरली, खरवडली, थोडी रुंद केली, पण आपला खोल खड्डा आणि आपला उंबरठा तिच्यावर लादला नाही. बँट्रीला ‘बर्फाने घासलेली रिया’ म्हणणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते. जिथे शंका असेल तिथे नाविकांचा नकाशा उघडून मुखापासून आतपर्यंत खोलीचे आकडे ओळीने वाचत जावे: आत जाता जाता ते सलग कमी होत असतील तर ती रिया, आणि मुखाशी कमी असलेले आकडे आत गेल्यावर वाढत असतील तर तो फ्योर्ड असण्याची शक्यता मोठी.