‘उलटीची गोळी द्या’ म्हणण्याआधी
आमच्या औषध दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पसरणीचा घाट चढण्याआधी वाईत आमच्या दुकानासमोर गाड्या थांबतात. गाडी चालूच असते, कुणीतरी घाईघाईने उतरून म्हणतं, “दादा, उलटीच्या दोन गोळ्या द्या.” कोणासाठी, वय काय, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, असं आम्ही विचारलं की काहींना राग येतो. साधी गोळी मागितली तर एवढी चौकशी कशाला? याचं नीट उत्तर काउंटरवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी नेऊन निवांत वाचा आणि औषधांच्या डब्यात ठेवा.

‘उलटीची गोळी’ नावाची एकच गोळी नसते. उलटी घडवून आणणारा भाग मेंदूत असतो आणि त्याच्याकडे निरोप वेगवेगळ्या वाटांनी जातात. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो, तिथून एक वाट. बिघडलेल्या पोटातून आणि आतड्यांतून दुसरी. रक्तात मिसळलेलं विष किंवा औषध मेंदूला कळतं, ती तिसरी. नुसत्या वासाने किंवा भीतीनेही ढवळून येतं, ती आणखी वेगळी. प्रत्येक औषध यांतली एखाद-दुसरीच वाट अडवतं. वाट चुकली की गुण येत नाही आणि दुष्परिणाम मात्र पदरात पडतात.

गाडी लागते तेव्हा

गाडीत मोबाईल बघत बसलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण वळणावळणाला कान सांगत असतो की आपण हलतोय. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून इथे कानाच्या वाटेवर काम करणारं औषध लागतं. प्रोमेथाझिन (ॲव्होमिन नावाने मिळतं ते), मेक्लिझिन, सिनारिझिन ही त्यातली. पोट बिघडल्यावर डॉक्टर देतात ती ऑन्डान्सेट्रॉनची गोळी घाटात जवळजवळ निरुपयोगी. मागच्या आजारपणातली पट्टी घरात शिल्लक आहे म्हणून बरेच जण तीच घेतात आणि मग म्हणतात, “गोळी घेऊनही पोराला उलटी झालीच.”

दुसरी चूक वेळेची. प्रोमेथाझिनची गोळी निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. पहाटेचा लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री. घाटाच्या पायथ्याशी घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत तुम्ही पाचगणी मागे टाकलेली असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकेलच असंही नाही.

या गोळ्यांनी झोप येते. कुणाला थोडी येते, कुणाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोकं जड वाटतं. मध्यंतरी एका गृहस्थांनी गोळी घेतली, दुकानातच पाणी मागून गिळली आणि जाऊन स्टिअरिंगसमोर बसले. आम्ही धावत जाऊन त्यांना थांबवलं. सुदैवाने त्यांच्या मेहुण्यांना गाडी चालवता येत होती. चालवणाऱ्याने ही गोळी घेऊ नये. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असल्याने त्याला गाडी सहसा लागतही नाही. गोळीवर दारू घेऊ नका. सर्दीच्या बऱ्याच औषधांतही झोप आणणारा घटक असतो, तेव्हा दोन्ही एकत्र नकोत. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडखळत असेल, तर आधी सांगा. या औषधांनी तो त्रास वाढतो.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. एवढ्या लहान बाळांना गाडी क्वचितच लागते, त्यामुळे बाळ प्रवासात सारखं ओकत असेल तर कारण दुसरं काही आहे का ते बघायला हवं. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त होतो. मुलाला मोबाईल देऊ नका, खिडकीतून लांबचा डोंगर बघायला सांगा. निघताना पोट रिकामंही नको आणि मिसळ-वड्याने भरलेलंही नको. एस.टी.त पुढची जागा धरा. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही, काहींना त्याने खरंच बरं वाटतं. एवढ्यावर भागलं आणि आमची गोळी विकली गेली नाही तरी चालेल.

मान अचानक वाकडी झाली तर

मेटोक्लोप्रमाइड हे उलटीचं जुनं आणि स्वस्त औषध आहे. क्वचित, पण मुलांत आणि तरुणांत जास्त, त्याचा एक घाबरवणारा परिणाम दिसतो: मान एका बाजूला पिळली जाते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात, जबडा आखडतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला असं झालं, तेव्हा घरच्यांना ते बाहेरचं वाटलं आणि अंगारा लावण्यात अर्धी रात्र गेली. दवाखान्यात नेल्यावर एका इंजेक्शनने ती थोड्याच वेळात मोकळी झाली. असं काही दिसलं तर गोळीची पट्टी हातात घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. एकदा असा त्रास झालेल्या माणसाने हे औषध पुन्हा घेऊ नये. औषधाचं नाव फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फार दिवस घेत राहिल्यास तोंडाच्या आणि जिभेच्या नको त्या हालचाली सुरू होऊन कायमच्या राहू शकतात. चक्करेसाठी देतात ते प्रोक्लोरपेराझिनही याच जातीचं. आजी-आजोबा ते महिनोन् महिने घेत असतील आणि हात थरथरायला लागले असतील, तर वयाला दोष देण्याआधी डॉक्टरांना गोळी दाखवा.

पित्ताच्या कॅप्सूलमधलं दुसरं औषध

याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सकाळी उठल्याबरोबर चहाआधी ‘गॅसची कॅप्सूल’ घेणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. तिच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल, तर बहुतेक वेळा तिच्यात पित्ताच्या औषधासोबत डोम्पेरिडोन हे उलटीचं औषधही असतं, साधारण ३० मिलिग्रॅम. डोम्पेरिडोनने काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि हा धोका साठीपुढच्यांना आणि जास्त मात्रा घेणाऱ्यांना अधिक. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये मर्यादा घातली: मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, तेही सहसा एका आठवड्यापुरतं. आता हिशेब करा. कॅप्सूल वर्षानुवर्षे चालू आहे आणि मळमळ झाली म्हणून वरून डोम्पेरिडोनच्या दोन गोळ्या घेतल्या, तर मात्रा कुठे गेली? त्यात क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स किंवा नायट्यावरची फ्लुकोनॅझोल चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ऑन्डान्सेट्रॉनही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, त्यामुळे हृदयरोग असलेल्यांनी दोन्ही औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. तुमची कॅप्सूल घेऊन या, तिच्यात काय आहे ते आम्ही वाचून सांगू. ती आपल्या मनाने बंदही करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

मुलांचं पोट बिघडलं तर

जुलाब-उलट्यांत लेकराला खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा असतो. उलटीचं औषध दुय्यम, ओआरएस आधी. मोठं पाकीट (२०.५ ग्रॅम) पूर्णच्या पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. मोठ्या पाकिटातली पूड अंदाजाने पेल्यात घातली तर द्रावण फार खारट होतं आणि ते बाळाला बाधतं. पेलाभरच हवं असेल तर २०० मिलिलिटरचं छोटं पाकीट मागा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. घटाघटा पाजलं की पुन्हा उलटी होते. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने) अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली, ती याच कारणासाठी.

डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप दिलं तर त्याची मात्रा बाळाच्या वजनावर ठरलेली असते. थोरल्याचं उरलेलं सिरप धाकट्याला देऊ नका. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज वापरा. नसेल तर आमच्याकडून घेऊन जा, त्याचे पैसे घेत नाही. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांची तीव्रता वेगळी असते, नाव एकच दिसलं तरी.

दिवस गेले असतील तर

गोळी मागणाऱ्या सुनेने किंवा लेकीने हे आम्हाला आधी सांगावं. मोठ्याने सांगायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्या. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठीही घेतलं जाऊ लागलं. १९६१ च्या अखेरीस ते तिथे मागे घेतलं, तोवर जगभरात हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. म्हणून गरोदर बाईला उलटीची गोळी आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. डॉक्सिलामाइन आणि जीवनसत्त्व बी ६ यांची गोळी यासाठी अनेक वर्षं वापरात आहे. ती पोटात उशिराने विरघळते म्हणून सहसा रात्री झोपताना देतात. चावू नका, कुटू नका. पाणीही पोटात ठरत नसेल, वजन उतरत असेल, लघवी कमी झाली असेल, तर ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून घरी थांबू नका.

कर्करोगावरची केमोथेरपी चालू असलेल्यांसाठी नियम वेगळा आहे. तिथे गोळी उलटी होण्याआधीच, लिहून दिलेल्या वेळेलाच घ्यायची. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवू नका. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना सांगा, ते ऑन्डान्सेट्रॉनमुळे असू शकतं.

या वेळी गोळी मागू नका, दवाखाना गाठा

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही पडलं. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी झाली. डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या. तापासोबत मान आखडली. छातीत दाब, घाम आणि मळमळ एकत्र आली. याला ‘पित्त’ समजून वेळ घालवू नका, तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही. मधुमेह आहे आणि उलट्या थांबत नाहीत.

शेतावरच्या माणसांसाठी आणखी दोन गोष्टी. फवारणी करून आल्यावर मळमळ, घाम, लाळ सुरू झाली तर ती विषबाधा असू शकते. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन निघा. आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर अंगावर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यार चावली असेल असं समजा. तिचा दंश बहुधा दुखत नाही. अशा वेळी आमच्या दुकानाचं शटर वाजवू नका, १०८ ला फोन करा.