परिषद-पुनर्रचना, अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील

अमेरिकेतील विद्यापीठे ज्या क्रीडापरिषदांच्या छत्राखाली आपसांत सामने खेळतात, त्या परिषदांचे सभासदत्व बदलणे, नव्या परिषदा निघणे व जुन्या मोडणे, या घडामोडींना एकत्रितपणे परिषद-पुनर्रचना म्हणतात. या नोंदीत ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉल समजावा. ‘कॉन्फरन्स’ या शब्दासाठी मराठीत संघ, गट, मंडळ असे पर्याय सुचतात. परंतु ‘संघ’ म्हटले की मैदानावरचे खेळाडू डोळ्यांपुढे येतात आणि ‘गट’ म्हटले की एखाद्या स्पर्धेपुरती केलेली विभागणी. म्हणून ‘परिषद’ हा शब्द योजला आहे. त्याला इतिहासाचाही आधार आहे. आज ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मूळ अधिकृत नाव ‘अध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ अशा अर्थाचे होते. म्हणजे ते प्राध्यापकांच्या बैठकीचे नाव होते. कोणता विद्यार्थी खेळण्यास पात्र, कोणता भाडोत्री, हे ठरवण्यासाठी ते एकत्र आले होते.

सर्वांत जुनी परिषद कोणती, यावर मतभेद आहेत. मिशिगन राज्यातील छोट्या महाविद्यालयांची मिशिगन इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन २४ मार्च १८८८ रोजी स्थापन झाली व आजही त्याच नावाने चालू आहे. निव्वळ कालक्रमाने मान तिचाच. दक्षिणेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डडली यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८९४ मध्ये अटलांटा येथे सदर्न इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली. बिग टेनचा आरंभ काही जण ११ जानेवारी १८९५ पासून धरतात. त्या दिवशी परड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या निमंत्रणावरून शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात सात संस्थांचे प्रमुख जमले होते. इतरांच्या मते ८ फेब्रुवारी १८९६ ही प्राध्यापक-प्रतिनिधींच्या बैठकीची तारीख खरी. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण नियम अंमलात आणणारी कायम संस्था तेव्हा आकाराला आली. या दोन तारखांमधील फरक वरवर क्षुल्लक दिसतो, पण तो आपल्या विषयाला थेट भिडतो. बहुतेक वृत्तांतांनुसार १८९५ च्या बैठकीला लेक फॉरेस्ट हे महाविद्यालय हजर होते आणि मिशिगन नव्हते. १८९६ मध्ये मिशिगन आत आले आणि लेक फॉरेस्ट गळाले. परिषद रीतसर जन्माला येण्याआधीच तिची पहिली पुनर्रचना झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

इंडियाना व आयोवा १८९९ मध्ये आणि ओहायो स्टेट १९१२ मध्ये आले. मिशिगन नियमांवरून रुसून मधल्या काळात बाहेर पडले. ते साल कोणी १९०७, कोणी १९०८ देतात. १९१७ मध्ये ते परतले तेव्हा दहा संस्था झाल्या आणि ‘बिग टेन’ हे नाव रूढ झाले. १९३९ मध्ये फुटबॉल बंद करणाऱ्या शिकागो विद्यापीठाने १९४६ मध्ये परिषदही सोडली. त्याची जागा मिशिगन स्टेटने घेतली. पुढे नावातला आकडा आणि सभासदसंख्या यांचा मेळ राहिला नाही. १९९० मध्ये पेन स्टेट अकरावे सभासद झाले तेव्हा नाव तेच ठेवून नवे बोधचिन्ह काढण्यात आले. ते जवळून पाहण्यासारखे आहे: ‘टेन’मधल्या टी या अक्षराच्या दोन बाजूंना सोडलेल्या मोकळ्या पांढऱ्या जागेत ‘१’ हा आकडा दोनदा दडलेला आहे, आणि ते मिळून ११ होतात. आज या परिषदेत १८ विद्यापीठे आहेत आणि नाव अजून बिग टेनच आहे.

दक्षिणेकडील वंशावळ अधिक गुंतागुंतीची आहे. डडलींच्या संघटनेतून १९२१ मध्ये सदर्न परिषद निघाली. ती २३ संस्थांपर्यंत फुगल्यावर डिसेंबर १९३२ मध्ये नॉक्सव्हिल येथील बैठकीत १३ संस्था वेगळ्या झाल्या; हीच साउथईस्टर्न परिषद, अर्थात एसईसी. मे १९५३ मध्ये सात संस्थांनी ग्रीन्सबरोजवळ अटलांटिक कोस्ट परिषद, म्हणजे एसीसी, स्थापली. या दुसऱ्या फाटाफुटीचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. सदर्न परिषदेने हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांत खेळण्यास मनाई केली होती. मेरिलँड व क्लेम्सन यांनी ती मोडली आणि त्यांच्यावर कारवाई झाली.

हे कारण महत्त्वाचे अशासाठी, की पुनर्रचनेचा उगम कशात आहे हा या विषयातील मुख्य वाद आहे. प्रचलित मत असे, की खरी सुरुवात २७ जून १९८४ रोजी झाली. राष्ट्रीय नियामक संस्था एनसीएए हिने १९५० च्या दशकापासून दूरचित्रवाणीवर दाखवायच्या फुटबॉल सामन्यांची संख्या व दर आपल्या मुठीत ठेवले होते. ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. भिन्नमत नोंदवणारे बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. महाविद्यालयीन क्रीडा हा निव्वळ बाजार नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. या निकालानंतर प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठे व त्यांच्या परिषदा स्वतः विकू लागल्या. परिषद ही नियमपालनाची संस्था होती, ती आता विक्रेती झाली.

दुसरे मत असे, की १९८४ ने वेग दिला, दिशा दिली नाही. १९५३ मध्ये विद्यापीठे ‘बोल’ सामन्यांसाठी फुटली. १९५९ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची जुनी परिषद खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर मोडली. दोन्ही वेळी दूरचित्रवाणीच्या कराराचा प्रश्न नव्हता. ही उदाहरणे पाहता दुसरे मत अधिक टिकाऊ वाटते. मात्र १९८४ पूर्वीच्या फुटीत शेजार मोडत नव्हता. भांडून वेगळी झालेली विद्यापीठेही सहसा आगगाडीच्या किंवा बसच्या अंतरावरच राहत, आणि हा फरक कोणत्याही मताने पुसला जात नाही.

पुढचा टप्पा एका किरकोळ नियमाने घडवला. बारा किंवा अधिक सभासद असलेल्या परिषदेने दोन विभाग पाडून अखेरचा अजिंक्यपद सामना घ्यावा, ही मुभा १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या श्रेणीच्या परिषदेच्या सोयीसाठी आली. एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी तिचा उपयोग ओळखला. आर्कान्सॉ व साउथ कॅरोलायना यांना घेऊन संख्या बारा करण्यात आली. पहिला सामना डिसेंबर १९९२ मध्ये बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अलाबामा व फ्लॉरिडा यांच्यात झाला. तोवर अपराजित असलेल्या अलाबामाला हा जादा सामना हरून राष्ट्रीय विजेतेपद गमवावे लागेल, अशी भीती होती. अखेरच्या सत्रात २१-२१ अशी बरोबरी असताना अलाबामाच्या अँटोनियो लँगहॅमने प्रतिपक्षाचा फेकलेला चेंडू मधेच झेलून थेट गोलक्षेत्र गाठले. अलाबामा २८-२१ ने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेही झाले. तो झेल हुकला असता, तर बारा सभासदांची कल्पना इतक्या लवकर पसरली असती का, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही; विचारायला हवा.

आर्कान्सॉच्या जाण्याने १९१४ ची साउथवेस्ट परिषद केवळ टेक्सासपुरती उरली. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉल १९८७ मध्ये शिक्षा म्हणून बंद झाल्याने ती आधीच खिळखिळी झाली होती. १९९६ मध्ये ती विसर्जित झाली. तिच्यातील चार संस्था ‘बिग एट’ या दुसऱ्या परिषदेच्या आठ संस्थांना मिळाल्या आणि ‘बिग १२’ झाली. ही नवी परिषद की जुन्या बिग एटचाच विस्तार, याबद्दल लेखनात गोंधळ आढळतो. स्वतः बिग १२ बिग एटचा इतिहास आपला म्हणून सांगत नाही, म्हणून ती स्वतंत्र मानणे योग्य. बास्केटबॉलसाठी १९७९ मध्ये डेव्ह गॅव्हिट यांनी उभारलेल्या बिग ईस्टची कथा उलटी. फुटबॉलच्या ओढीने मायामी, व्हर्जिनिया टेक, बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूस, पिट्सबर्ग ही विद्यापीठे टप्प्याटप्प्याने एसीसीत गेली. २०१३ मध्ये फुटबॉलला दुय्यम मानणाऱ्या सात कॅथलिक संस्था वेगळ्या निघाल्या आणि बिग ईस्ट हे नाव त्यांनी सोबत नेले.

सध्याची लाट जुलै २०२१ पासून मोजतात. टेक्सास व ओक्लाहोमा यांनी एसईसीचे निमंत्रण स्वीकारले. एक वर्ष आधी निघण्यासाठी दोघांनी मिळून बिग १२ ला १० कोटी डॉलर देण्याचे ठरले आणि १ जुलै २०२४ रोजी ती रुजू झाली. ३० जून २०२२ रोजी लॉस अँजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया व यूसीएलए यांनी, पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ परिषद सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचे, ७०० कोटी डॉलरहून मोठे करार केले.

पॅक-१२ चा शेवट मात्र तपशिलाने सांगितला पाहिजे. पोर्टलँड येथे डिसेंबर १९१५ मध्ये चार विद्यापीठांनी सुरू केलेली ही परंपरा होती. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडोने बिग १२ मध्ये परतण्याचा निर्णय घेतला. उरलेल्या नऊ संस्थांपुढे अ‍ॅपलचा प्रस्ताव होता: सामने मुख्यतः त्यांच्या सेवेवरून दाखवायचे आणि उत्पन्न बरेचसे वर्गणीदारांच्या संख्येवर. ४ ऑगस्टच्या सकाळी हक्क परिषदेकडे सोपवणाऱ्या करारावर सह्या होतील, या अपेक्षेने प्रमुख दूरस्थ बैठकीस बसले. त्याच दिवशी ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट व यूटा बिग १२ मध्ये गेले. १ सप्टेंबरला पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड व बर्कली ही विद्यापीठे ‘अटलांटिक किनारा’ परिषदेत, म्हणजे एसीसीत, जाणार असे ठरले. सोबत सदर्न मेथडिस्ट गेले, नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर पाणी सोडून.

मागे राहिली ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हॅलिस व पुलमन ही लहान गावे. प्रेक्षकांची मोठी बाजारपेठ नाही, एवढाच त्यांचा दोष. न्यायालयात जाऊन त्यांनी परिषदेच्या मालमत्तेवरील ताबा मिळवला. किमान आठ सभासदांची अट पूर्ण करण्यासाठी एनसीएएच्या नियमात दोन वर्षांची सवलत आहे, तिचा आधार घेतला. २०२४ चा फुटबॉल हंगाम माउंटन वेस्ट परिषदेकडून सामने विकत घेऊन निभावला. ऑरेगन स्टेटचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये कोणत्याही परिषदेविना खेळला आणि तरीही ओमाहाच्या राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत पोचला. वॉशिंग्टन स्टेटने त्याच वर्षी मैदानी क्रीडांतील फेकी व उड्या बंद केल्या. फुटबॉलच्या करारांची किंमत थाळी फेकणाऱ्या मुलामुलींनी मोजावी, हे या सबंध प्रकरणातील सर्वांत अन्याय्य अंग आहे, आणि संदर्भसाहित्यात त्याला अजून ओळभरही जागा मिळत नाही. प्रवासाचेही तेच: फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो, पण यूसीएलएच्या व्हॉलीबॉल वा सॉफ्टबॉल खेळाडूंना परीक्षेच्या दिवसांत तीन तासांच्या वेळफरकापलीकडे न्यू जर्सीत जावे लागते.

सभासदांना धरून ठेवणारे साधन म्हणजे हक्क-समर्पण करार. विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ठरावीक मुदतीसाठी परिषदेच्या नावे करते. परिषद सोडली तरी हक्क मागे राहतात. एसीसीचा करार २०३६ पर्यंत आहे. तो मोडता येतो का, यावर फ्लॉरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेम्सनने मार्च २०२४ मध्ये दावे लावले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: उत्पन्नाचा एक भाग प्रेक्षकसंख्येनुसार वाटायचा आणि बाहेर पडण्याचे शुल्क दरवर्षी उतरवत २०३०-३१ पर्यंत ७.५ कोटी डॉलरवर आणायचे. कराराच्या कायदेशीर बळाची कसोटी त्यामुळे लागलीच नाही.

यापुढे कोण कोठे जाईल, याविषयी छापून येणारे बरेचसे लेखन अंदाजाचे आहे. त्यातल्या त्यात आधार असलेल्या गोष्टी थोड्या. नोटर डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे, १९९१ पासून त्याचा एनबीसीशी वेगळा करार आहे आणि १९९९ मध्ये त्याने बिग टेनला नकार दिला होता. इतर बहुतेक खेळांत ते २०१३ पासून एसीसीत आहे आणि २०३६ पूर्वी फुटबॉलसाठी परिषद निवडल्यास ती एसीसीच असावी, असे बंधन आहे. बिग टेन सहसा संशोधन विद्यापीठांच्या एएयू या संघटनेचे सभासदत्व पाहते. म्हणूनच २०२३ मध्ये नोटर डेम व मायामी तेथे निवडले गेले, तेव्हा त्याचा अर्थ क्रीडापानांवरही लावला गेला. तथापि निकष काटेकोर नाही: २०११ मध्ये बिग टेनमध्ये येत असतानाच नेब्रास्का एएयूमधून वगळले गेले आणि तरी परिषदेत राहिले. नॉर्थ कॅरोलायना व व्हर्जिनिया यांची नावे बिग टेन व एसईसी दोहोंसाठी घेतली जातात. ही राज्ये दोन्ही परिषदांच्या नकाशाच्या कडेवर येतात, हे त्यामागचे मुख्य कारण दिसते. कनेटिकटची बिग १२ शी बोलणी २०२४ मध्ये थांबली. मेम्फिसने त्याच वर्षी पॅक-१२ चे निमंत्रण नाकारले.

ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांच्या हाती उरलेल्या पॅक-१२ ने बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट व टेक्सास स्टेट यांना फुटबॉलसह आणि गोंझागाला फुटबॉलविना घेतले. प्रवेशाची तारीख १ जुलै २०२६ ठरली. यांतील पाच माउंटन वेस्टमधून उचललेल्या संस्थांपोटी सुमारे ५.५ कोटी डॉलरचे शुल्क द्यायचे की नाही, यावर दोन्ही परिषदा न्यायालयात गेल्या. माउंटन वेस्ट स्वतः १९९९ मध्ये अशाच रीतीने, १६ संस्थांच्या वेस्टर्न अ‍ॅथलेटिक परिषदेतून फुटून निघाली होती.