दोन्ही बाजूंनी सारखा

ऑगस्टात गच्चीवर चढवलेला तिरंगा मी दिवाळी झाल्यावर उतरवला. उशीरच झाला, आईने दोनदा आठवण करून दिली होती. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही फडकत ठेवायला परवानगी आहे. त्याआधी सूर्यास्ताला उतरवावाच लागे आणि माझ्यासारख्या आळशी माणसाला तेच बरं होतं.

दोरी सोडून झेंडा हातात घेतला. काठीकडची बाजू जवळजवळ नवी, शिवणसुद्धा हललेली नाही. पलीकडच्या मोकळ्या टोकाच्या मात्र चार बोटं झिरमिळ्या झालेल्या, कोपऱ्यांत तर कडेला समांतर असलेले धागे निघून नुसते झेंड्याच्या लांबीचेच लोंबत होते. आई म्हणाली, "पावसाने खाल्ला." आमच्या वाड्यातले खालचे काका गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कापड बोटांत चोळलं आणि म्हणाले, "पाऊस नाही वहिनी, ही हवा आहे." आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत वारा कुणी म्हणत नाही, सगळी हवाच.

काकांचं बरोबर होतं. पण हवा एकाच टोकाला का खाते?

वारा अगदी एकसारखा वाहत असला तरी झेंडा सरळ ताठ राहत नाही. कापडाला कुठेतरी किंचित फुगवटा येतो. फुगवट्यावरून जाताना हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो आणि कापड त्याच बाजूला आणखी ओढलं जातं. फुगवटा स्वतःलाच मोठा करत नेतो. त्याला आवर घालतो तो कापडाचा ताठपणा आणि ताण. वारा मंद असेल तर आवर पुरतो, एका मर्यादेपलीकडे पुरत नाही आणि लाट सुटते. २००० साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा वरून खाली वाहता ठेवला आणि त्यात एक रेशमी धागा टांगला. धागा आखूड असला की सरळ राही, लांब केला की सापासारखा वळवळू लागे. पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांमुळे प्रवाहातले भोवरेही दिसत. एका धाग्याचा झेंडाच तो!

लाट काठीपाशी लहान असते, कारण तिथे कापड बांधलेलं आहे. पुढे सरकताना ती मोठी होते. टोकाला पोचल्यावर तिला धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणून टोक चाबकासारखं फटकारतं, थांबतं, उलटं फिरतं. फडफड म्हणून जो आवाज ऐकू येतो तो बराचसा तिथलाच. प्रत्येक फटक्याला त्या किनारीचा धागा वाकतो आणि शेजारच्या धाग्यावर घासतो. सेकंदाला दोन फटके धरले तर चोवीस तासांत १,७२,८०० होतात. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आमच्याकडच्या मेअखेरीच्या आँधीत झेंडा वर असता तर उतरवायला काठीच उरली असती.

आपला झेंडा कसा असावा याचं एक मानक आहे, आणि भारतीय मानकांच्या यादीत त्याचा क्रमांक चक्क १ आहे. १९५१ साली ते पहिल्यांदा निघालं. ग्वाल्हेरकरांना यात जरा मिरवायला जागा आहे, कारण मानक ब्यूरोची मोहर असलेले खादीचे तिरंगे देशात मोजक्याच ठिकाणी बनतात आणि त्यातलं एक म्हणजे इथला मध्य भारत खादी संघ. लांबी-रुंदी ३:२, अधिकृत मापं नऊ, सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सगळ्यात लहान १५० बाय १००, म्हणजे टेबलावर ठेवण्याचं.

मापांच्या तक्त्यात एक गंमत मला वहीवर आकडेमोड करताना सापडली. माझा झेंडा ९०० बाय ६००. त्याचा पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्राचा व्यास १८५, म्हणजे पट्टा ९२.५ टक्के भरतो. ६३०० वाल्या झेंड्यातही चक्र १२९५ मिलिमीटर, पुन्हा ९२.५ टक्के. टेबलावरच्या झेंड्यात मात्र चक्र फक्त २५ मिलिमीटर, पट्ट्याच्या ७५ टक्के! मला तरी हे शिंप्याचं शहाणपण वाटतं. मोठ्या झेंड्यात शिवण दोन मिलिमीटर सरकली तर कुणाच्या लक्षात येणार नाही, चिमुकल्या झेंड्यात तेवढ्यानेच चक्र केशरी पट्ट्याला टेकेल.

चक्राबद्दल आणखी एक. झेंडा उन्हासमोर धरून पाहा. पुढच्या बाजूचं चक्र मागच्या चक्रावर आरीला आरी लागून बसलेलं दिसतं, दिसायलाच हवं. ध्वजसंहितेप्रमाणे चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. आऱ्या २४, दोन आऱ्यांमधला कोन १५ अंश. छपाई अर्ध्या अंशाने चुकली तरी उजेडात आऱ्यांच्या कडा जाडसर, धूसर दिसू लागतात.

स्वातंत्र्याआधीच्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला तेव्हा चरखा जाऊन चक्र का आलं, याचं कारणही सांगितलं. ते चक्क भूमितीचं आहे: चरख्याला एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई. झेंड्याच्या मागून पाहिलं की चाक आणि चाती यांच्या जागा उलटतात. चाक तर काठीच्या बाजूला हवं. पुढून बरोबर बसवावं तर मागून चुकतं. चाकाला डावं-उजवं नसतं, आरशात पाहा की मागून पाहा, ते तेच. शाळेत आपल्याला अशोकस्तंभ आणि धर्म सांगतात, ते आहेच. पण व्यवहारातली ही अडचण कुणी सांगत नाही आणि मला तर तीच जास्त आवडते.

ज्या देशांनी चिन्ह बदललं नाही त्यांना ती अडचण कापडाने सोडवावी लागली. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर अरबी अक्षरं आहेत. ती मागूनही सरळ वाचता यावीत म्हणून दोन सारखे झेंडे पाठीला पाठ लावून शिवतात. पॅराग्वेने वेगळीच वाट धरली: पुढे एक चिन्ह, मागे दुसरंच.

रंगांकडे काकांचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त होतं. केशरी म्हणजे नेमका कुठला? आपल्याकडे शेंदरी, नारिंगी, भगवा असे शेजारी-शेजारी राहणारे रंग, आणि दुकानदार तर प्रत्येकालाच केशरी म्हणतो. म्हणून मानकात रंग शब्दांत सांगून सोडलेला नाही, ठरावीक उजेडाखाली मोजलेल्या आकड्यांत दिला आहे. केशरीसाठी ते आकडे ०.५३८ आणि ०.३६०, म्हणजे रंगांच्या नकाशावरची त्याची जागा. तिसरा आकडा उजळपणाचा: पांढरा ७२.६ टक्के, केशरी २१.५, हिरवा अवघा ८.९. म्हणजे आपल्या झेंड्यातला हिरवा चांगलाच गडद आहे. बाजारातले पोपटी तिरंगे पाहिले की काका तोंड वाकडं का करतात ते मला तेव्हा कळलं.

ऊन रंगाला खातं ते वेगळ्या रीतीने. रंगाच्या रेणूत ठरावीक प्रकाश शोषणारी एक साखळी असते. अतिनील किरणांची ऊर्जा आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ती साखळी तुटली की रेणू जागच्या जागी असतो पण रंग संपतो. कापड किती टिकेल हे ठरवायला प्रयोगशाळेत निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. पहिली पट्टी सगळ्यात लवकर विटते, पुढची साधारण दुप्पट वेळ घेते, तिच्या पुढची त्याच्या दुप्पट. नमुना आणि पट्ट्या शेजारी उन्हात किंवा दिव्याखाली ठेवायच्या आणि नमुना कितव्या पट्टीबरोबर विटला ते पाहायचं. "घड्याळापेक्षा बरं," काका म्हणाले. "ऊन रोज सारखं नसतं ना."

डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचे झेंडेही चालतात. सुती धागा हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पावसात माझा खादीचा झेंडा काठीला चिकटून लोंबत असे आणि समोरच्यांचा सर थांबताच पुन्हा उडायला लागे. मला त्यांचा थोडा हेवा वाटायचा.

उतरवलेला झेंडा पुन्हा चढवण्याजोगा नव्हताच. फाटका तिरंगा फडकवायचा नाही, तो घरातल्या घरात, मान राखून अख्खाच नाहीसा करायचा असा नियम आहे. त्याआधी काकांनी त्यांची जुनी ब्लेड मागवली आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांमधली शिवण बोटभर उसवली. आत दुमडलेली अर्ध्या बोटाची केशरी पट्टी बाहेर आली. तिच्यावर ऊन कधी पडलंच नव्हतं. तिच्याशेजारी बाहेरचा केशरी ठेवून पाहिला तेव्हा कळलं, सकाळपासून ज्याला मी 'जवळजवळ नवा' म्हणत होतो तो रंग जर्द आंब्याचा कधीच फिका नारिंगी झाला होता.