जुनी लघुधरणे : सुरक्षितता आणि सहलींसाठी वापर (नाशिक जिल्हा)

लहान नदी, नाला किंवा ओहोळ यांवर मातीचा भराव घालून बांधलेले आणि बांधून चाळीस-पन्नास वर्षे उलटलेले पाझर तलाव, गावतलाव, साठवण तलाव व लघुपाटबंधारे तलाव यांचा विचार या नोंदीत केला आहे. गंगापूर, दारणा, गिरणा, चणकापूर या मोठ्या धरणांच्या साठ्याचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. लघुधरणांची बातमी होते ती बहुधा दोनच वेळा : भराव फुटला तर, किंवा कोणी बुडाले तर. या दोन्ही गोष्टी एकाच दुर्लक्षातून घडतात. ज्या सांडव्याची (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेची) वर्षभर कोणी डागडुजी करत नाही, त्याच सांडव्यावर आषाढ-श्रावणात सहलीची गर्दी उभी असते.

जिल्ह्यातली जुनी मोठी बांधकामे ब्रिटिश काळातली आहेत. गिरणेवरचे चणकापूर १९११ चे, तर दारणा १९१६ चे. लघुधरणांची मोठी लाट मात्र १९७२ च्या दुष्काळात आली. हाताला काम देण्यासाठी गावोगाव पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारे तलाव, सुरू झाले. डोक्यावरच्या पाट्यांनी माती पडली. काम देण्याची घाई होती, त्यामुळे पाणी मारून थर दाबण्याचे काम सगळीकडे सारखे झाले नाही. त्या तलावांनी सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या कोरड्या पट्ट्यातल्या विहिरींना पाणी दिले. आज त्यांचा भराव पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि अनेकांच्या खाली, नाल्याकाठी, तेव्हा नसलेल्या वस्त्या उभ्या आहेत.

मातीच्या धरणात मधला गाभा चिकण काळ्या मातीचा आणि दोन्ही बाजूंचे कवच मुरमाचे असते. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग करतात. पायथ्याशी चर काढून झिरपलेल्या पाण्याला वाट दिलेली असते. पाणी सोडायला विमोचक आणि जादा पाणी वाहून जायला सांडवा असतो. झिरपा हा दोष नव्हे. मातीचे प्रत्येक धरण थोडे झिरपतेच. पाहायचे असते ते पाणी किती येते, कुठून येते आणि कसे येते. पायथ्याच्या चरातले पाणी काचेच्या बाटलीत भरून घटकाभर ठेवावे. ते स्वच्छ राहिले आणि आवक मागच्या वर्षाइतकीच असली तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. तळाशी गाळ बसला तर पाण्याबरोबर भरावाची मातीही निघून चालली आहे. अशी माती आतून नळीसारखी पोखरली जाते, ती वाट मागे मागे सरकत जलाशयापर्यंत पोहोचते आणि मग काही तासांतच भराव फुटू शकतो. विमोचकाच्या नळाभोवती हा धोका सर्वांत जास्त असतो, कारण दगड-काँक्रीटला माती तितकीशी घट्ट चिकटत नाही.

झाडांकडेही असेच लक्ष लागते. भरावावर उगवलेली वेडी बाभूळ सावलीला बरी वाटते, पण तिची मुळे कवचात खोल जातात आणि झाड वाळले की मुळांच्या जागी पोकळ्या राहतात. खेकडे आणि उंदीर-घुशींची बिळे हीसुद्धा पाण्याची वाट होऊ शकतात. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हा खेकड्यांची बरीच चर्चा झाली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हा त्या दुर्घटनेतला अधिक महत्त्वाचा भाग आहे. ते धरण बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. वय हा धोक्याचा एकच निकष नव्हे. देखभाल नसेल तर तरुण धरणही जाते.

पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत आणखी एक गोष्ट घडते. तलाव सलग दोन-तीन वर्षे कोरडा पडतो, काळी माती उन्हाने भेगाळते आणि मग एखाद्या जोरदार पावसात एका रात्रीत तुडुंब भरतो. माथ्यावरच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या उथळ भेगा बहुतेकदा मातीच्या आकसण्याच्या असतात. भरावाला आडवी, पाण्याकडून पायथ्याकडे जाणारी भेग मात्र पाण्याला थेट वाट देते, म्हणून ती सर्वांत आधी बुजवायची. कोरड्या वर्षांनंतरचा पहिला भरणा हा जुन्या धरणालाही नव्या धरणाइतकाच कसोटीचा असतो. असा तलाव भरत असताना भरावावर रात्रंदिवस माणूस हवा.

मातीच्या धरणावरून पाणी जाणे त्याला सोसत नाही. गुजरातमधले मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले : पूर सांडव्याच्या क्षमतेबाहेर गेला, पाणी बाजूच्या मातीच्या भरावांवरून वाहिले आणि खालचे मोरबी उद्ध्वस्त झाले. त्यामुळे लघुधरणाचा सांडवा मोकळा असणे ही देखभालीतली पहिली बाब आहे. प्रत्यक्षात तो झुडपांनी भरतो, त्यात कोणी रस्ता काढतो, कोणी शेत वाढवतो. पावसाळ्याच्या शेवटी चार दिवसांचे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर मातीच्या गोण्या रचल्या जातात. पाण्याची निकड खरी असते. पण त्या गोण्या परतीच्या पावसात तशाच राहिल्या तर माथा आणि पाणी यांच्यातले मोकळे अंतर तेवढे कमी होते आणि धरण वाचवणारी जागाच बंद पडते.

याच सांडव्यावर सहली येतात. इगतपुरी-त्र्यंबक भागात जुलैत सांडवे वाहू लागले की ते धबधब्यासारखे दिसतात आणि रविवारी तिथे मोटारींची रांग लागते. मोठ्या धरणातून पाणी सोडण्याआधी सूचना दिली जाते. गोदाकाठचे नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरूनही पुराचा अंदाज घेतात. लघुधरणाला दरवाजेच नसतात, म्हणून भोंगा नाही आणि सूचनाही नाही. दरवाजे नाहीत म्हणजे पाणी एकदम वाढणार नाही, हा समज घातक आहे. वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, सांडव्यावर ऊन असते आणि घोट्याएवढे पाणी थोड्याच वेळात गुडघ्यापर्यंत चढते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो, आणि पायाखाली शेवाळ असते. वाहत्या सांडव्यावर उभे राहण्यासारखी सुरक्षित जागा नसते. त्याच्या बाजूला, काठाच्या पक्क्या उंचवट्यावर ती असू शकते.

बुडण्याचा दुसरा मोसम उन्हाळ्याचा. सुटीतली पोरे पोहायला जातात, पाणी संथ दिसते आणि तळ उथळ वाटतो. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने अनेक तलावांची साठवण वाढवली आणि काळी माती शेतात, द्राक्षबागांत पोहोचवली, हे तिचे मोठे काम आहे. मात्र गाळ किंवा मुरूम काढताना उभ्या कडांचे खड्डे राहिले तर पाणी आल्यावर ते दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो. म्हणून खोदाईच्या कडा उतरत्या ठेवाव्यात, आणि भरावालगत तर खोदूच नये, कारण तिथला साचलेला गाळ झिरपा रोखायला मदत करतो. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही विमोचकाच्या तोंडाजवळ जाऊ नये. तिथली ओढ वरून दिसत नाही.

वाढत्या वयाचा परिणाम वाईटच असतो असे नाही. निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यात गोदावरी आणि कादवेचा गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरू लागले. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. मर्यादेत राहणारे पर्यटन कसे असते, ते या ठिकाणी पाहता येते : ठरलेल्या वाटा, निरीक्षण मनोरे आणि स्थानिक गाईड.

कायद्याची चौकट अपुरी पडते ती लहान तलावांपाशी. धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा १० लक्ष घनमीटर यांसारख्या अटींपैकी एखादी पुरी करत असतील तरच त्यात येतात. या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आणि मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) दोन्ही नाशिकातच आहेत. पण नऊ मीटर उंचीचा, खाली वस्ती असलेला पाझर तलाव या कायद्याबाहेर राहतो. धोका उंचीवर मोजण्यापेक्षा खाली कोण राहते यावर मोजणे अधिक न्याय्य ठरेल. ६०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या योजना मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यांतल्या १०० हेक्टरपर्यंतच्या जिल्हा परिषदेकडे असल्याने तलाव नेमका कोणाचा, हे गावात अनेकदा ठाऊक नसते. ते तलावावरच्या फलकावर लिहिलेले असावे.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धरणे-धबधब्यांवर मनाई लागू करू शकतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवसांत ती हवीच. मोसमभर सरसकट बंदी घातली की गर्दी ओळखीच्या जागेवरून अनोळखी, पहारा नसलेल्या तलावाकडे सरकते. मोटारी माथ्यावर न नेता पायथ्यापासून दूर लावणे, चुलीसाठी पिचिंगचे दगड न उपसणे, उतरायची एकच खूण केलेली जागा ठेवणे आणि तिथे पगारी स्थानिक माणूस बसवणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेतले भोई-कोळी तळाची खोली जाणतात. दोर, ट्यूब आणि होडीही त्यांच्याजवळच असते. या कामावर पहिला हक्क त्यांचा आहे.

पायथ्याशी गढूळ पाणी उसळताना, भरावाचा काही भाग घसरलेला किंवा माथा खचलेला दिसला तर आधी खालच्या वस्तीला उंचावर हलवायचे आणि तलाठी, पोलीस पाटील यांना कळवून जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर फोन करायचा. विमोचक उघडायचा की नाही, ते अभियंत्यावर सोडावे : पाणी फार झपाट्याने उतरले तर पाण्याकडचा ओला उतारही ढासळतो.