टंचाईने टिकवलेल्या गाड्या : जावा-येझदीच्या रिस्टोरेशनमागची गोष्ट

जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या अनेक शहरांत जुन्या जावा आणि येझदी मोटारसायकली रांगेने रस्त्यावर येतात. मरून रंगाच्या टाक्या, दोन्ही अंगांना चकचकीत क्रोम, मागे निळसर धूर. बघणाऱ्याला वाटतं, हातात चार पैसे खुळखुळणाऱ्यांचा हा शौक असणार. आज तो बराचसा तसा आहेही. पण या गाड्या आजवर टिकल्या त्या शौकिनांमुळे नव्हेत. नवी गाडी मिळायची मारामार होती, म्हणून जुनी मोडीत काढणं कुणाला परवडत नव्हतं.

मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. शस्त्रास्त्रांचे कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मन वाँडरर कंपनीच्या ५०० सीसी मोटारसायकलचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा उभी केली. ती पहिली गाडी महाग होती, तिचा फारसा बोलबाला झाला नाही. नाव झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या टू-स्ट्रोक २५० मुळे. भारतात इराणी आडनावाच्या कुटुंबाने आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ मध्ये म्हैसूरला कारखाना सुरू झाला. उद्घाटनाला म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार होते. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली.

त्या काळात बाहेरून गाडी आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. देशात मोठी नावं तीनच : मद्रासची एनफिल्ड, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. अशा वेळी घरातली गाडी बापाकडून मुलाकडे, मग गावाकडच्या भावाकडे आणि तिथून एखाद्या दूधवाल्याकडे जायची. चेन झिजली की कड्या काढायच्या, सिलिंडर झिजला की बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा, तोही झिजला की पुढच्या मापाचा. सगळी मापं संपली की सिलिंडरला आतून नवी स्लीव्ह, म्हणजे लोखंडी अस्तर, ठोकायची. ही विद्या पुस्तकातून कुणी शिकलं नाही. दहा-बारा वर्षांचं पोर गॅरेजला रॉकेलमध्ये पार्ट धुवायला बसायचं आणि पंचविशीत मिस्त्री व्हायचं.

या गाडीने मिस्त्रीला कामही भरपूर दिलं. गिअरची आणि किकची दांडी एकच. ती आत दाबून फिरवली की किक होते. पायाने गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची केबल तुटली तरी गाडी घरी येते. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. नवख्या पोराला हे सांगितलं तर ते अजूनही दुसरा सिलिंडर शोधायला वाकतं.

खरी परीक्षा क्रँकची, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग वर जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील धड असावी लागतात. वर्षानुवर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीची सीलं कडक होऊन जातात. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि गाडी ढगासारखा पांढरा धूर सोडते. डायनामोच्या बाजूचं गेलं तर जास्तीची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि चढावर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसतो. कार्बोरेटरचे जेट बदलत बसलेले हौशी लोक इथेच फसतात. सील बदलायचं तर इंजिन फाडावंच लागतं. इंजिन फाडलं की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बघायचं, आणि ते गेलं असेल तर प्रेसवर क्रँकपिन काढून, नवा रॉड बसवून, क्रँकची दोन्ही चाकं पुन्हा एका रेषेत आणायची. डायल गेज लावून, तांब्या-पितळेच्या हातोडीने टोले देत हे काम चालतं. फरक मोजायचा तो मिलिमीटरच्या शतांश भागात. हे नीट करणारा माणूस मिळणं मला रंगकाम करणाऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, पण फोटोत दिसतो तो रंग.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी भागीदारीच्या १०० सीसी गाड्या आल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००. हलक्या, पेट्रोलला कंजूष आणि रोज मिस्त्रीचं तोंड बघायला न लावणाऱ्या. येझदीला त्यांच्यापुढे ॲव्हरेज देणं शक्य नव्हतं. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

त्यानंतर सुट्या भागांचा खरा दुष्काळ सुरू झाला, आणि मिस्त्रींनी जे हाताला लागलं ते बसवलं. मूळ जिकोव्ह कार्बोरेटरच्या जागी दुसऱ्याच गाडीचा, सहा व्होल्टच्या जागी बारा, क्रोम उडालेल्या टाकीवर सरळ काळा रंग. एका इंजिनाची केस फुटली की दुसऱ्याची चढवायची. आरसी बुकातला इंजिन नंबर तसाच राहायचा. यात गाडी चालू राहिली हे त्यांचं श्रेय. आज रिस्टोरेशन म्हणून जे चालतं, त्यातला मोठा वाटा ही दुरुस्ती उलट दिशेने करण्याचाच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात लोक हेडलाइटची रिंग, टाकीवरचा बिल्ला, मूळ स्पीडोमीटर शोधत फिरतात. लोकल माल मिळतो, पण गेअरवर हात ठेवला की कळतं : दात मऊ, माप सैल.

२०१८ मध्ये क्लासिक लेजेंड्सने जावा पुन्हा आणली, २०२२ मध्ये येझदी. महिंद्र समूहाची ही कंपनी. नव्या गाड्या फोर-स्ट्रोक. जुन्या गाडीच्या मालकाला त्यांचा एक वॉशरही कामाचा नाही. मात्र नाव परत चर्चेत आलं आणि कोपऱ्यात पडलेल्या सांगाड्यांचे भाव चढले.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा मोटार, 'व्हीए' अक्षरांची नंबरमाला, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी चालवायची नाही. नियमाचा हेतू चांगला आहे. पण तो करताना डोळ्यांसमोर राजवाड्यातल्या मोटारी असाव्यात, दूधवाल्याची जावा नसावी. तीन हातांतून गेलेल्या, इंजिन बदललेल्या गाडीला मूळ स्वरूप सिद्ध करणं कठीण, आणि कित्येकींचे कागद तर कधीच हरवलेत. पहिल्या रोडकिंगना २०२८ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण होतील. ज्यांच्याकडे जुळत्या नंबरांची आरसी आहे, ते ती आतापासूनच लॅमिनेट करून ठेवताहेत.