लाल जॅकेटच्या आधीची गोष्ट

हॉलिवूडमधला बंडखोर पोरगा म्हटलं की डोळ्यासमोर जेम्स डीनच येतो, लाल जॅकेट, आत पांढरा टीशर्ट आणि कपाळावर आठ्या. 'रेबेल विदाउट अ कॉज', १९५५. पण हा पोरगा काही आभाळातून टपकला नाही, त्याच्यामागे वीसेक वर्षांची भानगड आहे आणि तिच्यात पोरांपेक्षा मोठ्या माणसांचाच हात जास्त आहे असं माझं मत.

मुळात 'टीनेजर' ही जमातच तशी नवी. आधी पोरगं शाळेतून निघालं की कामाला, म्हणजे लहान पोराचा एकदम बाप्याच व्हायचा. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत कामं गेली, १९३८ ला बालमजुरीवर देशपातळीवरचा कायदा आला, पोरं हायस्कूलमधे टिकायला लागली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर घरात पैसा आणि पोराच्या हातात गाडीची चावी. १९४४ मधे 'सेव्हन्टीन' मासिक निघालं ते खास या वयाच्या मुलींसाठी, म्हणजे बाजाराला गिऱ्हाईक दिसलं होतं, सिनेमावाल्यांना मात्र अजून नीटसं दिसायचं होतं.

तोवर पडद्यावर हिशोब सोपा होता. वाया गेलेली पोरं गरिबीतून येणार. 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' (१९३३) मधली पोरं आईबापाला भार नको म्हणून मालगाड्यांवर चढून निघून जातात, 'डेड एंड' (१९३७) मधली न्यूयॉर्कच्या झोपडपट्टीत नदीकाठी मवालीगिरी करत असतात. आणि चांगल्या घरचा पोरगा म्हणजे मिकी रूनीचा अँडी हार्डी, काहीतरी घोळ घालणार, मग जज्ज बापासमोर बसून दोन शब्द ऐकणार की झालं, प्रश्न मिटला.

मग जुलै १९४७ मधे कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांनी जरा जास्तच धिंगाणा घातला. 'लाइफ' मासिकात बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात गाडीवर बसलेल्या एका माणसाचा फोटो आला (तो जमवून काढलेला होता असं नंतर बरेच जण म्हणाले), त्या प्रकरणावरून एक कथा आली आणि कथेवरून १९५३ चा 'द वाइल्ड वन'. त्यात एक मुलगी टोळीचा म्होरक्या झालेल्या मार्लन ब्रँडोला विचारते, कशाविरुद्ध बंड करतोयस, तर हा म्हणतो, तुमच्याकडे काय काय आहे बोला. ब्रँडो तेव्हा २८-२९ चा होता, टीनेजर कुठला, पण पोरांनी त्याचं जॅकेट उचललं. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर हा पिक्चर १९६७ पर्यंत पासच केला नाही.

इकडे वॉशिंग्टनमधे सिनेटची, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाची, बालगुन्हेगारीवरची उपसमिती बसली होती, १९५४ मधे कॉमिक्सवाल्यांची हजेरी घेतली, जून १९५५ मधे सिनेटर केफॉव्हर लॉस एंजेलिसला येऊन सिनेमावाल्यांना जाब विचारायला बसले. आणि स्टुडिओंचं दुखणं वेगळंच होतं. १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या थिएटर्सवर गदा आली, त्यात टीव्हीने मोठ्यांना घरातच बसवलं, घराबाहेर पडून तिकीट काढणारा उरला कोण तर पोरगा. म्हणजे त्याला बोलवायचंही होतं आणि सिनेटला सज्जन तोंडही दाखवायचं होतं. मार्च १९५५ च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' मधे ही कसरत अगदी उघडी दिसते, सुरुवातीला बालगुन्हेगारीबद्दल चिंता व्यक्त करणारी गंभीर पाटी आणि लगेच 'रॉक अराउंड द क्लॉक' दणक्यात! हे गाणं आदल्या वर्षी येऊन फारसं गाजलं नव्हतं, पिक्चरनंतर मात्र थेट एक नंबरला.

आणि मग 'रेबेल'. नाव रॉबर्ट लिंडनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९४४ च्या पुस्तकाचं, गोष्ट मात्र वेगळी, वॉर्नर स्टुडिओने हक्क घेतले होते ते नावापुरतेच उपयोगी पडले. शूटिंग ब्लॅक अँड व्हाइटमधे सुरू झालं, थोड्याच दिवसांत रंगीत करायचं ठरलं, नाहीतर ते जॅकेट राखाडीच दिसलं असतं. दिग्दर्शक निकोलस रे ने इथे जुना हिशोबच उलटा केला, पोरगं खात्यापित्या घरचं, बाप कमावता, तरी पोरगं दारू पिऊन रस्त्यावर. एक सीन बघाच. बाप बायकोसाठी जेवणाचा ट्रे घेऊन वर निघालेला, तो सांडलाय, आणि हा सुटाबुटावर झालरीचा एप्रन बांधून गुडघ्यावर बसून सगळं घाईघाईने गोळा करतोय, बायकोला कळायच्या आत. पोरगा म्हणतो, राहू दे, बघू दे तिला. बाप कडक आहे म्हणून पोरगा चिडलेला नाही, बाप मऊ आहे म्हणून चिडलाय! आज बघताना हे खटकतं, घरकाम करणारा बाप म्हणजे बिघडलेलं घर असा सरळ सूर आहे, आणि बंड म्हणावं तर पोराचं मागणं एवढंच की बाबा, एकदा तरी ठामपणे उभे राहा. ३० सप्टेंबरला डीन गाडीच्या अपघातात गेला, अवघ्या २४ व्या वर्षी, आणि जेमतेम महिन्याभराने पिक्चर लागला. पुढचं सगळं त्या मरणाने ठरवलं.

त्यानंतर पूरच आला. स्वस्तात पिक्चर काढून ड्राइव्ह-इनला (गाडीत बसून पिक्चर बघायचं उघडं थिएटर) लावायचे हा अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सचा धंदा, १९५७ मधे त्यांनी 'आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ' काढला, त्यात हायस्कूलच्या जॅकेटमधला तापट पोरगा खराखुरा लांडगाच होतो. आणि त्याला लांडगा बनवतो कोण, तर राग आवरायला शिक म्हणून ज्याच्याकडे पाठवलेलं असतं तो डॉक्टर.