सॉफ्टवेअर एकच, नोंदी वेगळ्या : सरकारी बँकांच्या विलीनीकरणामागची जुनी गोष्ट

३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याचा निर्णय जाहीर केला. कोणती बँक कोणात जाणार हे ठरवताना जी कारणे पुढे ठेवली गेली, त्यांतले एक निव्वळ तांत्रिक होते. पंजाब नॅशनल, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक या तिन्हींकडे कोअर बँकिंगसाठी, म्हणजे सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती प्रणालीत ठेवण्यासाठी, इन्फोसिसचे फिनॅकल हे सॉफ्टवेअर होते. युनियन, आंध्रा आणि कॉर्पोरेशन यांच्याकडेही फिनॅकलच. कॅनरा आणि सिंडिकेटकडे फ्लेक्सक्यूब, तर इंडियन आणि अलाहाबादकडे टीसीएसचे ‘बँक्स’ (BaNCS) हे सॉफ्टवेअर. प्रणाली एकच, म्हणजे खाती लवकर एकत्र येतील, असे गणित होते. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. विलीनीकरण १ एप्रिल २०२० ला अमलात आले. सिंडिकेट बँकेचे जुने आयएफएससी कोड (पैसे पाठवताना शाखा ओळखणारे क्रमांक) मात्र त्यानंतर सव्वा वर्ष, ३० जून २०२१ पर्यंत चालू होते.

इतका वेळ का लागतो, ते समजायला चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१९८० च्या सुरुवातीला बँकेची शाखा म्हणजे जाडजूड लेजरांची कपाटे. प्रत्येक खात्याला एक पान. वर खातेदाराचे नाव-पत्ता, खाली जमा-नावे, आणि सहीचा नमुना वेगळ्या कार्डावर. संगणक आला तर नोकऱ्या जातील ही कर्मचारी संघटनांची भीती खरी होती, म्हणून यांत्रिकीकरणाची पावले करार करूनच पडली. १९८३ मध्ये बँका आणि संघटनांमध्ये समझोता झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. त्यातून शाखांमध्ये ‘एएलपीएम’ म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढच्या दशकात पूर्ण शाखा संगणकावर जाऊ लागली, पण प्रत्येक शाखेचा सर्व्हर वेगळा. दादरच्या शाखेतल्या खात्याचा ठाण्याच्या शाखेला पत्ता नसे. एन. विठ्ठल केंद्रीय दक्षता आयुक्त असताना आयोगाने सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याचा आग्रह धरला आणि कामाला वेग आला. २००० नंतर कोअर बँकिंग आले, शाखा एका मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या जाऊ लागल्या. स्टेट बँकेने आपल्या सर्व शाखा २००८ पर्यंत अशा जोडल्या.

माझ्या मते सरकारी बँकांचे खरे मोठे डेटा स्थलांतर हेच. २०२० चे दुसरे. पहिल्या वेळी कर्मचाऱ्यांनी दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी लेजरची पाने संगणकात भरली, आकडे टॅली होईपर्यंत शाखा सोडली नाही. शिल्लक रकमेत चूक राहणार नाही याची काळजी घेतली गेली, कारण ताळेबंद जुळल्याशिवाय काम पुरे होत नसे. नाव, पत्ता, जन्मतारीख यांना असा ताळेबंद नव्हता. लेजरच्या पानावर जन्मतारीख अनेकदा नसेच, आणि संगणकाचा रकाना रिकामा सोडता येत नसे. मग कुठलीतरी तारीख टाकून पुढे जावे लागे. ती तारीख तिथेच राहिली.

नावांचा प्रश्न तर आपल्याकडे विशेष. मराठी कागदपत्रांत आडनाव आधी येते, बँकेच्या फॉर्मवर शेवटी. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. लग्नापूर्वी उघडलेले खाते माहेरच्या नावाने, पॅन कार्ड सासरच्या. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत ‘डी’ने सुरू करणारे आहेत, तसे ‘जी’नेही. माणूस एकच, दोन बँकांच्या संगणकांना मात्र ते दोन खातेदार. दोन बँका एकत्र आल्या की दोन्हीकडे खाते असणाऱ्याला एकच ग्राहक क्रमांक द्यायचा असतो. एकाच नावाची खरोखर वेगळी माणसे चुकून एक झाली, तर एकाची शिल्लक दुसऱ्याला दिसेल. म्हणून संगणकाने काढलेल्या जोड्या शेवटी माणसाला तपासाव्या लागतात.

‘दोन्हीकडे फिनॅकल आहे’ या वाक्यात किती अंतर लपलेले असते, ते देना बँक आणि विजया बँकेच्या वेळी दिसले. देवकरण नानजी यांच्या कुटुंबाने १९३८ मध्ये सुरू केलेली देना मुंबईची, १९३१ ची विजया मंगळुरूची. १ एप्रिल २०१९ ला दोन्ही बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. तिन्हींकडे फिनॅकल. पण सॉफ्टवेअर म्हणजे कोरी वही. त्यात खात्यांचे प्रकार, त्यांचे सांकेतिक क्रमांक, व्याजाचे नियम, जमाखर्चाची शीर्षके ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने आखलेली. त्यामुळे एका बँकेच्या प्रत्येक खातेप्रकाराला दुसरीकडे कोणता प्रकार लागू होतो, याचे तक्ते करावे लागतात. मुदत ठेवीवरचा कबूल केलेला दर, गहाण ठेवलेल्या पावतीवरची खूण, वारसनोंद, सहीची प्रतिमा, दरमहा हप्ता वळता करण्याची सूचना, हे सगळे खात्याबरोबर हलले पाहिजे. आधी रंगीत तालीम होते, तीही अनेकदा. मग शुक्रवारी संध्याकाळी व्यवहार थांबवून शनिवार-रविवारी शाखांचा एकेक गट हलवतात आणि दोन्हीकडचे ताळेबंद पैशापर्यंत जुळवतात. विजयाच्या शाखांचे काम सप्टेंबर २०२० मध्ये संपले, देनाचे डिसेंबरमध्ये. त्यात करोनाची टाळेबंदीही आली. एवढ्या काळात हे काम तडीस नेणाऱ्यांचे पुरेसे कौतुक झाले नाही, असे मला मनापासून वाटते.

घाई केली की काय होते, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने दाखवले. २०१५ मध्ये स्पेनच्या साबाडेलने ती घेतली. तिची खाती तेव्हा लॉइड्सच्या प्रणालीवर होती. एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी जवळपास ५२ लाख ग्राहकांचा डेटा एकदम नव्या प्रणालीवर आणला. डेटा पोहोचला, पण प्रणालीला भार पेलवला नाही. लाखो लोकांची ऑनलाइन खाती बंद पडली, काहींना दुसऱ्याची खाती दिसली. मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांना त्याच वर्षी जावे लागले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

आपल्याकडे त्रास निराळ्या ठिकाणी झाला. आयएफएससीची पहिली चार अक्षरे बँकेची असतात, त्यामुळे बँक बदलली की कोड बदलतो. बँक स्वतःची नोंद दुरुस्त करते. पण पेन्शन, विमा, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे लिहून दिलेला जुना कोड खातेदारालाच बदलून घ्यावा लागतो. वयस्क माणसांसाठी हे हेलपाटे फार होते.

आणि ती जुनी लेजरे अजून बोलतात. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात; त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. वडिलांच्या कपाटात देना बँकेचे पासबुक सापडलेल्या मुलीला तिथे बँक ऑफ बडोदा निवडून वडिलांचे नाव टाकावे लागते, सोबत पॅन किंवा जन्मतारखेसारखा तपशील. पॅन तेव्हा दिलेला नसेल, तर तिने आधी आडनाव शेवटी लिहून पाहावे, मग सुरुवातीला.